रॉथकोच्या चित्रातला उजेड कुठून येतो

विसाव्या शतकातला अमेरिकी चित्रकार मार्क रॉथको याचं चित्र मोबाइलवर पाहून ‘यात आहे काय?’ असं कुणी विचारलं, तर त्यात विचारणाऱ्याची चूक नाही. पडद्यावर खरंच काही उरत नाही. एकाखाली एक दोन-तीन आयत, कडा जराशा पुसट, मागे तिसराच रंग. मूळ चित्र मात्र बऱ्याचदा माणसाच्या डोक्याहून उंच असतं. त्याच्या जवळ गेलं की पहिल्यांदा जाणवतं ते हे, की रंग कापडावर बसलेला नाही, कापडात मुरलेला आहे. लालाच्या आत आणखी एक लाल दिसतो, त्याच्याही आत कुठेतरी जांभळट झाक असते, आणि वरचा थर जिथे विरत जातो त्या कडेला खालचा रंग नुसता डोकावतो. हे सगळं कागदाच्या जाडीइतक्या थरांत चाललेलं असतं.

हा पातळपणा समजला की रॉथको बराचसा समजतो. त्याच्या चित्रांचा उजेड या पातळपणातून येतो, आणि त्यांच्यावर आलेली मोठी संकटंही त्यातूनच आलेली आहेत.

द्विन्स्क ते न्यू यॉर्क

त्याचं जन्मनाव मार्कस रॉथकोविच. जन्म २५ सप्टेंबर १९०३, गाव द्विन्स्क. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज ते लॅटव्हियातलं दाउगावपिल्स. वडील औषधांच्या व्यवसायात, घर ज्यू, चार भावंडांत मार्कस शेंडेफळ. १९१० मध्ये वडील अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडला गेले. पाठोपाठ थोरले दोघे भाऊ गेले. झारच्या सैन्यात सक्तीने भरती होण्याची धास्ती हे त्याचं एक कारण. १९१३ च्या ऑगस्टमध्ये आई, बहीण सोनिया आणि दहावं वर्षही पुरं न झालेला मार्कस बोटीने न्यू यॉर्कला उतरले आणि पुढे आगगाडीने सगळा देश ओलांडून पोर्टलंडला पोचले. आपल्याला इंग्रजी येत नाही अशी चिठ्ठी त्या प्रवासात गळ्यात अडकवली होती, ही आठवण त्याने पुढे मोठेपणी सांगितली. मार्च १९१४ मध्ये, म्हणजे कुटुंब एकत्र आल्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, वडील वारले. मुलगा शाळा सांभाळून वर्तमानपत्रं विकू लागला.

अभ्यासात तो हुशार होता. १९२१ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून येल विद्यापीठात गेला. शिष्यवृत्ती एका वर्षानंतर थांबली, मग पडेल ती कामं करत शिकणं आलं. १९२३ मध्ये पदवी न घेताच त्याने येल सोडलं. (त्याच येलने १९६९ मध्ये त्याला मानद डॉक्टरेट दिली.) तो न्यू यॉर्कला आला आणि आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये मॅक्स वेबर या चित्रकाराच्या वर्गात शिकला. वेबरही रशियन साम्राज्यातून आलेला ज्यूच. १९२९ पासून १९५२ पर्यंत रॉथकोने ब्रुकलिनमधल्या एका ज्यू शाळेत लहान मुलांना चित्रकला शिकवली. पोट त्या पगारावर भरत होतं, चित्रांवर नव्हे. १९३८ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला आणि १९४० च्या सुमारास त्याने ‘मार्क रॉथको’ असं आटोपशीर नाव घेतलं.

इथे एक सावधगिरी. लहानपणी द्विन्स्कजवळच्या रानात ज्यूंना पुरण्यासाठी खणलेल्या खड्ड्यांबद्दल रॉथको बोलत असे, आणि म्हणून त्याचे आयत म्हणजे ते खड्डे, अशी सरळ जोडणी बरेच लोक करतात. त्याच्या बालपणाच्या वर्षांत द्विन्स्कमध्ये असं हत्याकांड झाल्याची पुष्टी चरित्रकारांना मिळालेली नाही. ज्यूंविरुद्धच्या हिंसेची भीती त्या भागात खरीच होती, आणि मोठ्यांच्या बोलण्यातून ती मुलांच्या मनात उतरत असणार. पण चित्रातल्या आकाराला एक गोष्ट चिकटवली की माणूस चित्र पाहायचं थांबवतो आणि गोष्ट पाहायला लागतो. रॉथकोला हेच नको होतं. म्हणूनच १९४० च्या दशकाच्या शेवटाकडे त्याने चित्रांना नावं देणं जवळपास सोडलं. नंबर आणि रंगांची नावं, बस.

आयतांपर्यंत पोचायला त्याला सव्वीस वर्षं लागली. १९३० च्या दशकात तो भुयारी रेल्वेच्या फलाटावरची लांबुडकी, एकेकटी माणसं रंगवत होता. १९४० नंतर ग्रीक पुराणकथा आणि स्वप्नातल्यासारखे जीव आले. १९४६ च्या सुमारास माणूस पूर्ण गेला आणि उरले रंगाचे तरंगते डाग. १९४९ मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने फ्रेंच चित्रकार आंरी मातीसचं ‘द रेड स्टुडिओ’ विकत घेतलं. एकाच लाल रंगाने भिंत, जमीन, टेबल सगळं व्यापून टाकलेलं ते चित्र बघत रॉथको तासन्‌तास उभा राहत असे. त्याच वर्षाच्या आसपास डाग कमी झाले, मोठे झाले, एकावर एक रचले गेले. तेव्हा तो ४६ वर्षांचा होता.

थर कसे चढतात

काम करताना रॉथको कुणाला बघू देत नसे. तरी पुढे मदतनिसांनी सांगितलेलं आणि संग्रहालयांच्या प्रयोगशाळांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेलं धरून त्याची पद्धत बऱ्यापैकी कळलेली आहे.

तेलरंगाच्या नेहमीच्या चित्रात ताणलेल्या कापडाला आधी सरस लावतात, म्हणजे तेल कापडात शिरून ते कुजवत नाही. सशाच्या कातड्याचा सरस यासाठी जुना आणि भरवशाचा. स्टुडिओतलं साधारण प्रमाण एक लिटर पाण्याला ७० ग्रॅम. रात्रभर भिजवायचा, सकाळी मंद आचेवर विरघळवायचा आणि उकळी अजिबात येऊ द्यायची नाही. उकळला की त्याची पकड जाते. त्यावर पांढरा अस्तराचा थर येतो आणि मग त्यावर चित्र.

रॉथकोने पांढरं अस्तर वगळलं आणि रंगाची पूड थेट गरम सरसात घालून ती जाड सुती कापडाला फासली. त्यामुळे पहिलाच थर रंगीत झाला आणि कापडाच्या धाग्यांत मुरला. चित्राला चौकट लावायची नाही हे ठरलेलं असल्याने हा रंग कडांवरून वळवून बाजूंनाही जाई. मग आयत. तेलरंगात टर्पेंटाइन घालून तो पाण्यासारखा पातळ करायचा आणि रुंद ब्रशने, हलक्या हाताने, भराभर पसरायचा. एक वाळला की दुसरा, मग तिसरा. काही ठिकाणी ओघळ दिसतात, आणि चित्र उलटं करून रंगवल्यामुळे काही ओघळ चक्क खालून वर गेलेले दिसतात. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्याने तेलाखेरीज अख्खं अंडं, डामर नावाची राळ आणि कृत्रिम रेझिनं वापरली. प्रत्येक मिश्रणाची चकाकी वेगळी. अंड्याचा थर वेगळा चमकतो, टर्पेंटाइन जास्त झालेला थर मातीसारखा कोरडा राहतो. दोन्ही काळेच असले तरी प्रकाशात सरकून पाहिलं की एक आयत उजळतो आणि शेजारचा विझतो.

उजेड आतून आल्यासारखा का वाटतो, याचं उत्तर इथेच आहे. जाड, अपारदर्शक रंगावर पडलेला प्रकाश वरच्यावरच परततो. पातळ थरातून तो आत जातो, खालच्या थराला लागतो, तिथून उलटून पुन्हा वरच्या थरातून बाहेर येतो. येता-जाता दोन-तीन रंगांनी गाळलेला तो प्रकाश डोळ्यात पोचतो.

घरी करून पाहायचं असेल तर जलरंगाचा जाड कागद घ्या आणि दोन चौकोन आखा. एकात पारदर्शक पिवळा आणि पारदर्शक लाल ताटलीतच कालवून नारिंगी भरा. दुसऱ्यात आधी नुसता पिवळा पातळ भरा, पूर्ण वाळू द्या (घाई केली तर दोन्ही मिसळून चिखल होतो) आणि मग त्यावर लालाचा अगदी पातळ हात फिरवा, कडेला सेंटिमीटरभर पिवळा सोडून. दोन्ही नारिंगीच, पण दुसरा दिव्यासारखा दिसतो. कॅडमियमचे रंग अपारदर्शक असतात, ते घेतले तर हा फरक दिसणार नाही.

आता या पद्धतीतली जोखीम. तेलरंगात पूड धरून ठेवतं ते जवसाचं तेल. टर्पेंटाइन खूप घातलं की ते उडून जातं आणि पुडीच्या वाट्याला तेल कमी पडतं. असा थर पिठासारखा बसतो. बोट लागलं तरी डाग पडतो. शिवाय तेलरंगाचा साधा नियम असा की खालचा थर रुक्ष आणि वरचा अधिक तेलकट. उलट झालं, किंवा अंडं, राळ, तेल यांची सरमिसळ मनास येईल तशी झाली, की थर वेगवेगळ्या वेगाने वाळतात, आक्रसतात, तडकतात. अशा पृष्ठभागावर वॉर्निशही मारता येत नाही, कारण वॉर्निश सगळ्या चकाकी सारख्या करून टाकतं आणि काळ्यातला काळा नाहीसा होतो. म्हणजे चित्र उघडं राहतं. रॉथकोला हे माहीत नव्हतं असं मानणं कठीण आहे. त्याला हवा होता तो उजेड दुसऱ्या रीतीने मिळत नव्हता, एवढंच.

डोळ्यात काय होतं

समोर उभं राहून काही मिनिटं गेली की आयत हलू लागतात, पुढे-मागे होतात, एखादी कडा नाहीशी होऊन परत येते. यात गूढ काही नाही. एकटक पाहत असतानाही आपले डोळे सूक्ष्मपणे हलत असतात, आणि टोकदार कडा त्या हालचालीमुळे मेंदूला सतत ‘इथे बदल आहे’ असं कळवत राहते. कडा पुसट असली की हा संदेश क्षीण होतो आणि मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो. स्विस वैद्य त्रॉक्सलर यांनी १८०४ मध्ये हे नोंदवलं होतं. नजर जरा ढळली की कडा परत येते. रॉथकोच्या आयतांच्या कडा पिसासारख्या मऊ असतात, आणि चित्र एवढं मोठं असतं की जवळून पाहताना त्याच्या बाहेरच्या कडा नजरेत मावत नाहीत. तो स्वतः सुमारे १८ इंचांवरून पाहायला सांगत असे असं सांगतात. पाहायची रीत अशी: आधी जवळ जायचं, एका ठिकाणी नजर टेकवायची, एक-दोन मिनिटं काही शोधायचं नाही. मग बाजूला सरकून चकाकी पाहायची. आणि मागे शेवटी यायचं.

मंद प्रकाशात आणखी एक बदल होतो. उजेड कमी झाला की डोळ्याला लाल रंग लवकर काळवंडलेले दिसतात आणि निळे त्या मानाने टिकून राहतात. संध्याकाळी बागेतला लाल जास्वंद आधी काळा पडतो, पानं नंतर. लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातल्या रॉथकोच्या दालनात दिवे मुद्दाम मंद ठेवतात. बाहेरून आत गेल्यावर पाचेक मिनिटं डोळ्यांना द्यावी लागतात, नाहीतर तिथे नुसती काळपट तांबडी भिंत दिसते आणि माणूस परत फिरतो.

भिंतीबद्दल रॉथको किती नेमका होता ते १९६१ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीला त्याने पाठवलेल्या सूचनांवरून कळतं. भिंती शुभ्र नकोत. पांढऱ्यात अंबर, म्हणजे मातकट तपकिरी, आणि किंचित लाल मिसळून त्या उबदार कराव्यात. कारणही त्याने दिलं: भिंत फार पांढरी असली तर ती चित्राशी झगडते, आणि चित्रात लाल जास्त असल्यामुळे ती हिरवट दिसू लागते. (लाल कागदाकडे अर्धा मिनिट टक लावून मग कोऱ्या भिंतीकडे पाहा, हिरवट डाग दिसेल.) मोठी चित्रं जमिनीपासून सहा इंचांहून वर नकोत. प्रकाश जोरदार नको, चित्राला स्वतःचा उजेड आहे. फक्त भित्तिचित्रांसाठी अपवाद: ती साडेचार फुटांवर टांगायची, निदान तीन फुटांवर तरी.

ही भित्तिचित्रं म्हणजे सीग्राम मालिका. १९५८ मध्ये न्यू यॉर्कच्या पार्क अॅव्हेन्यूवरच्या नव्या सीग्राम इमारतीतल्या फोर सीझन्स या महागड्या रेस्टॉरंटसाठी त्याला ३५,००० डॉलरचं काम मिळालं. बावरी रस्त्यावरची एक जुनी व्यायामशाळा भाड्याने घेऊन तिच्यात त्याने त्या खोलीच्या मापाचा सांगाडा उभारला आणि सुमारे तीस कॅनव्हास रंगवले. इथे आयत भरीव राहिले नाहीत, त्यांच्या चौकटी झाल्या, बुजवलेल्या खिडक्यांसारख्या. १९५९ मध्ये काम पुरं होत आलं असताना तो पत्नीबरोबर त्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेला. परतल्यावर त्याने पैसे परत केले आणि चित्रं ठेवून घेतली. अशा ठिकाणी जेवायला येणारी माणसं आपल्या चित्रांकडे कधीच बघणार नाहीत, अशी त्याची खात्री झाली होती. त्यातली नऊ चित्रं पुढे त्याने टेटला दिली.

हार्वर्डची पाच चित्रं

रेस्टॉरंटचं काम सोडलं खरं, पण जेवणाच्या खोलीने त्याची पाठ सोडली नाही. हार्वर्ड विद्यापीठातल्या होल्योक सेंटर या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावरच्या भोजनगृहासाठी त्याने चित्रं केली आणि त्यातली पाच १९६४ मध्ये तिथे लागली. खोलीला मोठमोठ्या खिडक्या होत्या. पडदे ओढून ठेवायचे ठरलं होतं. पण बाहेरचं दृश्य सुंदर, त्यामुळे ते उघडेच राहत. १९७९ पर्यंत गडद किरमिजी पार्श्वभूमी फिकट निळसर होऊन गेली होती, तीही सगळीकडे सारखी नाही, ऊन लागेल तशी. चित्रं उतरवून अंधाऱ्या कोठारात गेली.

दोष एका लाल पुडीचा होता. लिथॉल रेड हा छपाईच्या शाईत चालणारा, स्वस्त, अतिशय तेजस्वी, पण उन्हात टिकाव न धरणारा कृत्रिम रंग. रॉथकोने किरमिजी मिळवण्यासाठी तो अल्ट्रामरीन निळ्यात मिसळला होता. लाल उडाला, निळा राहिला. जाड तेलात बुडालेली पूड कदाचित थोडी अधिक काळ तगली असती; सरसाच्या पातळ थरात ती उघडीच होती.

असं चित्र दुरुस्त करायचं कसं? नेहमीच्या पद्धतीत आधी वॉर्निश मारतात आणि त्यावर हरवलेला रंग भरतात, म्हणजे पुढे चूक वाटली तर वॉर्निशसकट पुसता येतो. इथे वॉर्निश मारणंच शक्य नाही, आणि सच्छिद्र थरावर भरलेला रंग आत मुरला की तो कायमचा. म्हणून हार्वर्ड आर्ट म्युझियम्समधल्या तज्ज्ञांनी चित्राला हातच लावला नाही. १९६४ मध्ये काढलेल्या रंगीत पारदर्शिका (स्लाइड) त्यांनी आधार म्हणून घेतल्या. त्या स्वतःही फिकटल्या होत्या, म्हणून त्यांचे रंग आधी गणिताने सुधारले, आणि भिंतीवर कधीच न लागल्यामुळे न उडालेल्या सहाव्या चित्राशी ताडून पाहिले. मग आजच्या चित्राचा फोटो त्यातून वजा केला. जो फरक उरला तीच दुरुस्तीची प्रतिमा. प्रोजेक्टरने ती चित्रावर टाकली की प्रत्येक बिंदूला नेमका तेवढाच रंगीत प्रकाश मिळतो जेवढा रंग तिथून उडालाय. २०१४ मध्ये चित्रं अशी दाखवली तेव्हा दुपारी चार वाजता प्रोजेक्टर बंद करत, आणि समोरच्या लोकांदेखत किरमिजी भिंत निळसर, डागाळलेली होऊन जाई. दोन्ही अवस्था लोकांनी पाहाव्यात हा निर्णय फार प्रामाणिक होता.

लंडनमधली घटना वेगळी. ७ ऑक्टोबर २०१२ ला टेट मॉडर्नमध्ये एकाने ‘ब्लॅक ऑन मरून’ या १९५८ च्या चित्राच्या कोपऱ्यावर जाड मार्करने अक्षरं लिहिली. शाई थरांमधून झिरपत कापडाच्या मागच्या बाजूपर्यंत गेली. अडचण अशी की शाई विरघळवेल असा द्राव चित्रातली डामर राळही विरघळवतो. रॉथकोच्या कुटुंबाने त्याने स्वतः रंगाचा हात दिलेला कोरा कॅनव्हास चाचण्यांसाठी दिला. त्यावर तसेच थर चढवून, तीच शाई लावून एकेक द्राव तपासला गेला. योग्य मिश्रण सापडायला नऊ महिने लागले, आणि ते वापरून शाई काढायला, मग उरलेले डाग परत काढता येतील अशा रंगाने झाकायला आणखी नऊ. मे २०१४ मध्ये चित्र परत भिंतीवर आलं. दुसऱ्या कुठल्या चित्रावर ही शाई वॉर्निशवरच अडली असती.

काळी चित्रं

१९६४ मध्ये जॉन आणि डोमिनिक द मेनिल या दाम्पत्याने ह्यूस्टनमधल्या एका प्रार्थनागृहासाठी त्याला बोलावलं. अष्टकोनी खोली, १४ चित्रं: तीन-तीनच्या तीन जोडण्या आणि पाच सुटी. सातांत तांबूस मरून पट्टीच्या आत कडा नेमकी कापलेला काळा आयत आहे, उरलेली सात जवळजवळ सबंध जांभळी. न्यू यॉर्कच्या ६९ व्या रस्त्यावरच्या, जुन्या घोडागाड्यांच्या इमारतीतल्या स्टुडिओत त्याने खोलीचा काही भाग खऱ्या मापाने उभारला. छताच्या काचेखाली चक्क एक पॅराशूट टांगलं, आणि ते सरकवून तो उजेड कमी-जास्त करायचा. ह्यूस्टनलाही असाच छतातला उजेड हवा हा त्याचा आग्रह. पण ह्यूस्टनचं ऊन न्यू यॉर्कसारखं नाही. १९७१ मध्ये वास्तू उघडली तेव्हा झगझगीत प्रकाशाखाली चित्रं मरगळली, मग छताखाली आडोसे लावावे लागले. छत नीट बदललं गेलं ते २०२० मध्ये. हे पाहायला रॉथको नव्हता.

१९६८ मध्ये त्याच्या महाधमनीला फुगवटा आल्याचं निदान झालं आणि डॉक्टरांनी ४० इंचांहून मोठं काम करू नको म्हणून सांगितलं. तेव्हा तो कागदावर, लवकर वाळणाऱ्या अॅक्रिलिकमध्ये काम करू लागला. २५ फेब्रुवारी १९७० ला त्याने स्टुडिओत आपलं आयुष्य संपवलं. त्याच दिवशी सीग्राम मालिकेतली नऊ चित्रं लंडनला पोचली. त्याच्यामागे शेकडो चित्रांच्या विक्रीवरून मुलगी केट हिने मृत्युपत्राच्या विश्वस्तांविरुद्ध आणि एका मोठ्या गॅलरीविरुद्ध दावा लावला. तेव्हा ती विशीच्या आसपास होती. १९७५ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला आणि विश्वस्त हटवले गेले. १९८० च्या दशकात बराच मोठा संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टला गेला. लिलावांचे आकडेही मोठे आहेत, २०१२ मध्ये एक नारिंगी-लाल-पिवळं चित्र ८ कोटी ६९ लाख डॉलरला गेलं, पण चित्र समजायला त्यांचा उपयोग नाही.

त्यापेक्षा १९५८ मध्ये प्रॅट इन्स्टिट्यूटमधल्या भाषणात त्याने चित्राची पाककृती सांगावी तसे सात घटक सांगितले, ते कामाचे आहेत: मृत्यूचं भान, इंद्रियसुख, ताण, उपरोध, खेळकरपणा, योगायोग, आणि शेवटी आशा, दहा टक्के, म्हणजे शोकात्म आशय सोसवेल. ‘अमूर्त चित्रकार’ हे बिरुद तो नाकारत असे. रंगांच्या परस्परसंबंधांत आपल्याला रस नाही, माणसाच्या मूळ भावनांत आहे, असं त्याचं म्हणणं. चित्रापुढे रडणारे लोक त्याला बरोबर समजलेले वाटत.

गायतोंडे

मराठी वाचकाला इथे वासुदेव गायतोंडे आठवणारच. गोव्याच्या कुटुंबातले, १९२४ मध्ये जन्मलेले, १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. मधून पदविका घेतलेले गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर न्यू यॉर्कला गेले आणि तिथल्या चित्रकारांचं काम त्यांनी जवळून पाहिलं. ‘अमूर्त’ हा शब्द त्यांनाही पटत नसे. ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. म्हणून त्यांना ‘भारताचा रॉथको’ म्हणायची सवय लागली आहे. ती चुकीची आहे. न्यू यॉर्कला जाण्यापूर्वीच ते आकृतीपासून दूर आलेले होते, आणि त्यांचा उजेड दुसऱ्या हत्याराने आलेला आहे. ते रंग रोलरने पसरत, पॅलेट नाइफने खरवडत, कापलेल्या कागदांच्या साहाय्याने तो उमटवत आणि उचलत. रॉथकोचा थर कापडात मुरतो. गायतोंडे यांचा थर अंशतः काढून घेतलेला असतो, आणि जिथून काढला तिथून खालचा उजळतो.

फरक डोळ्यांनी तपासता येतो. मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला जहांगीर निकल्सन संग्रह, दोन्हींकडे गायतोंडे आहेत. कायम मांडलेले असतीलच असं नाही, म्हणून आधी फोन करून विचारावं. समोरून पाहून झालं की चित्राच्या एका बाजूला, भिंतीला जवळजवळ खेटून उभं राहा आणि तिरकं पाहा. रोलरच्या कडेने ढकललेल्या रंगाचा बारीक बांध दिसेल, आणि त्याच्या आत, खरवडलेल्या जागी, रंग कापडाच्या विणीत कुठे किती उरलाय तेही.